सिकलसेलचे जनुक जन्मापासून असते, मग आजार काही महिन्यांनी का दिसू लागतो?

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे: एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक मिळालेल्या, बाळाच्या पेशींत सिकलसेलचे जनुक गर्भधारणेपासूनच असते, तरीही पहिले पाच-सहा महिने ते बाळ सहसा ठणठणीत कसे राहते? जनुक ‘चालू’ होते किंवा ‘बंद’ होते असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा पेशीत नेमके काय घडते आणि प्रयोगशाळेत ते कळते कसे? शिवाय, नव्या जनुक-संपादन उपचाराने ज्या रुग्णाचा आजार आटोक्यात आला, त्याच्याकडून हे जनुक मुलांकडे जाईल का? हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांचे निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत मी दीर्घकाळ काम करत आलो आहे, आणि जनुकांचे प्रकटीकरण समजून घेण्यासाठी ग्लोबिन जनुकांइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून वरील सर्व प्रश्नांची उत्तरे याच एका उदाहरणाच्या आधारे देत आहे.

थोडक्यात उत्तर असे की, त्या बाळात सदोष जनुक असते, पण त्याचा पुरेसा वापर अजून सुरू झालेला नसतो. हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा बनतो. त्यांपैकी दोन अल्फा घराण्यातल्या आणि दोन बीटा घराण्यातल्या असतात. प्रौढ माणसात अल्फा आणि बीटा मिळून हिमोग्लोबिन-ए तयार होते, तर गर्भात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते आणि त्या हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन-एफ म्हणतात. सिकलसेलचा बदल हा बीटा जनुकातल्या एकाच अक्षराचा आहे. सहाव्या संकेतात (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटात), किंवा सुरुवातीचे मेथिओनिन धरून मोजण्याच्या नव्या पद्धतीप्रमाणे सातव्या संकेतात, जीएजीऐवजी जीटीजी येते आणि त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. गॅमा साखळीचे जनुक वेगळे असून त्यात हा बदल नसतो. नवजात बाळाच्या रक्तात साधारण ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन-एफ असते. त्यामुळे सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण तर कमी राहतेच, शिवाय ऑक्सिजन सुटल्यावर सिकल हिमोग्लोबिनचे जे लांब तंतू बनतात आणि तांबड्या पेशीला विळ्याचा आकार देतात, त्या तंतूंत गॅमा साखळी असलेला रेणू नीट बसत नाही. म्हणजे हिमोग्लोबिन-एफ केवळ जागा अडवत नाही, ते तंतू वाढण्यालाच अडथळा करते.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती जनुकशास्त्रातून नव्हे, तर बाळांच्या रक्ताच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणातून. न्यूयॉर्कमधील डॉक्टर जॅनेट वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली नोंदवले की, नवजात बाळांच्या पेशी विळ्याच्या आकाराच्या फारशा होत नाहीत, आणि याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे. सिकलसेलचे हिमोग्लोबिन विद्युतभाराने वेगळे असते हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांच्या गटाने दाखवले ते त्यानंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये. डीएनएची रचना तेव्हा उलगडलेलीही नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

या गोष्टीचा रोजच्या तपासणीवर थेट परिणाम होतो. गावोगावच्या शिबिरांत वापरली जाणारी सोल्युबिलिटी टेस्ट रक्तात सिकल हिमोग्लोबिन पुरेसे असेल तरच गढूळपणा दाखवते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती ‘निगेटिव्ह’ आली, तरी बाळाला आजार नाही असे म्हणता येत नाही. अशा बाळासाठी एचपीएलसीसारखी, प्रत्येक हिमोग्लोबिन वेगळे करून मोजणारी तपासणी करावी लागते, आणि तिच्यातही बाळाचे निदान ‘एफएस’ या पॅटर्नवरून, म्हणजे हिमोग्लोबिन-एफ आणि सिकल हिमोग्लोबिन दिसण्यावरून, होते. त्यावेळी हिमोग्लोबिन-ए अजिबात दिसत नसेल तर त्या निरीक्षणाला महत्त्व असते. जनुकाचीच तपासणी केली तर वयाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण जनुक तर पहिल्या दिवसापासून आहे. जनुक असणे ही एक गोष्ट झाली आणि त्यापासून प्रथिन तयार होणे ही दुसरी. कोणती तपासणी या दोहोंपैकी काय मोजते, हे कळले की अहवालांतले अर्धे गोंधळ मिटतात.

आता ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणजे काय ते पाहू. बीटा घराण्यातली जनुके अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एकापाठोपाठ एक अशी मांडलेली आहेत: आधी एप्सिलॉन, मग एकमेकांची जुळी म्हणावीत अशी दोन गॅमा, नंतर डेल्टा आणि शेवटी बीटा. विशेष म्हणजे ज्या क्रमाने ती गुणसूत्रावर आहेत, त्याच क्रमाने आयुष्यात वापरली जातात. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, रक्त जेव्हा पीतककोशात (गर्भाला जोडलेल्या एका पिशवीत) तयार होते, तेव्हा एप्सिलॉन. पुढे यकृतात रक्त तयार होऊ लागले की गॅमा. आणि जन्माच्या सुमारास अस्थिमज्जेने ते काम हाती घेतले की हळूहळू बीटा. पण स्थलांतर हेच बदलाचे कारण आहे असे समजू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा बदल जन्मतारखेवरून न ठरता गर्भधारणेपासूनच्या वयाप्रमाणे होतो. बाहेरचे जग, पहिला श्वास किंवा दूध यांच्याशी त्याचा संबंध नाही. रक्तपेशींच्या पूर्वजांत काळाप्रमाणे बदलत जाणारी एक आंतरिक व्यवस्था तो घडवून आणते.

या पाचही जनुकांच्या आधी, एप्सिलॉनपासून साधारण ६ ते २० हजार अक्षरे अलीकडे, डीएनएचा एक टापू आहे. त्याला लोकस कंट्रोल रीजन, म्हणजे या संपूर्ण वस्तीचे नियंत्रण करणारा भाग, असे म्हणतात. त्यात स्वतःचे कोणतेही प्रथिन लिहिलेले नाही, तरी तो नसेल तर पुढची जनुके धडधाकट असूनही जवळजवळ मुकी राहतात. १९८३ साली नेदरलँड्समधील थॅलसेमिया, म्हणजे ग्लोबिन साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक विकार, असलेल्या एका कुटुंबाचा अभ्यास झाला. त्यात बीटा जनुकात एकही अक्षर बिघडलेले नव्हते, पण त्याच्या बराच आधी असलेला डीएनएचा मोठा भाग गळून पडला होता आणि त्या गुणसूत्रावरचे बीटा जनुक काम करत नव्हते. पुढे १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसफेल्ड यांच्या गटाने उलट दिशेने तीच गोष्ट सिद्ध केली. मानवी बीटा जनुक नुसते उंदरात घातले तर ते कुठे जाऊन बसते त्यावर त्याचे काम अवलंबून राहते आणि बहुतेकदा अगदी कमी होते; तेच या नियंत्रक भागासह घातले, तर ते गुणसूत्रावर कुठेही बसले तरी रक्तपेशींत भरघोस काम करते.

हा भाग आणि बीटा जनुक यांच्यात सुमारे ५० हजार अक्षरांचे अंतर आहे, मग तो इतक्या दुरून परिणाम कसा करतो? उत्तर असे की, पेशीच्या केंद्रकात डीएनए ताणून ठेवलेला नसतो. गाटा-१, केएलएफ-१ यांसारखी प्रथिने डीएनएवरच्या ठराविक अक्षरमालिकांना चिकटतात, दुसऱ्या प्रथिनांना जवळ आणतात, आणि त्यामुळे मधला डीएनए वेटोळ्यासारखा बाहेर राहून नियंत्रक भाग थेट जनुकाच्या प्रमोटरला, म्हणजे वाचन जेथून सुरू होते त्या भागाला, येऊन भिडतो. तेथे आरएनए पॉलिमरेज हे विकर जमा होते आणि जनुकाची आरएनए प्रत, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी लागणारी नक्कल, निघू लागते. नियंत्रक भाग एका वेळी एकाच जनुकाला भिडतो, त्यामुळे गॅमा आणि बीटा यांच्यात स्पर्धा असते. विहिरीवर मोटर एक आणि शेते पाच असली की पाण्याची पाळी लागते, तसेच काहीसे हे आहे. गॅमाची पाळी संपल्याशिवाय बीटाला भरपूर मिळत नाही, आणि गॅमाची पाळी संपवणारे कोणी तरी लागते.

हे वेटोळे जनुक चालू होण्याचे कारण आहे की केवळ परिणाम, हा प्रश्न बरीच वर्षे खुला होता. २००२ साली उंदराच्या पेशींत दिसून आले की, ज्या यकृतपेशींत हिमोग्लोबिन बनते तेथे हा संपर्क असतो आणि मेंदूच्या पेशींत नसतो. पण सहवास म्हणजे कारण नव्हे. फिलाडेल्फियातील गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने २०१२ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. ज्या पेशींत गाटा-१ नसल्याने वेटोळे बनत नव्हते, तेथे त्यांनी कृत्रिम प्रथिनाच्या मदतीने ते मुद्दाम जुळवून आणले, आणि बीटा जनुकाचे काम मोठ्या प्रमाणात सुरू झाले. दोन वर्षांनी त्यांनी प्रौढ मानवी पेशींत हेच प्रथिन गॅमाच्या प्रमोटरशी जोडले, तेव्हा गॅमा वाढले आणि बीटा घटले. माझ्या मते विद्यार्थ्यांना शिकवायचा असेल तर हा प्रयोग शिकवावा, कारण निरीक्षण आणि कारणमीमांसा यांतला फरक त्यात स्वच्छ दिसतो.

बंद होण्याचीही एक यंत्रणा आहे, आणि बंद म्हणजे पुसून टाकलेले नव्हे. प्रौढ माणसात गॅमा जनुक पूर्णपणे शाबूत असते. फक्त त्याच्या प्रमोटरवर मेथिल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, बसलेले असतात, आसपासचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, आणि काही दमनकारी प्रथिने त्यावर ठाण मांडून असतात. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे प्रथिन म्हणजे बीसीएल-११ए. ते कसे सापडले ही कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काही निरोगी प्रौढांत हिमोग्लोबिन-एफ एक टक्क्यापेक्षा बरेच जास्त असते हे जुनेच ज्ञान होते. २००७ साली लंडनमधील एका गटाने अशा जास्त आणि कमी एफ असलेल्या व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंचातील फरक ताडून पाहिले, तेव्हा एक ठळक खूण अकराव्या नव्हे तर दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल-११ए या जनुकात मिळाली. हे जनुक तोवर पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या संदर्भात ओळखले जात होते. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. २००८ मध्ये बोस्टनमधील विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी प्रौढांच्या रक्तपूर्वज पेशींत बीसीएल-११ए कमी करून दाखवले आणि हिमोग्लोबिन-एफ वाढले. २०११ मध्ये सिकलसेलच्या उंदरांत रक्तपेशींपुरते हे जनुक काढून टाकल्यावर आजाराची लक्षणे सुधारली.

हे प्रथिन डीएनएवर नेमके कुठे बसते, हे मात्र २०१८ पर्यंत ठामपणे दिसले नव्हते. त्या वर्षी ते गॅमा जनुकाच्या आरंभबिंदूपासून ११५ अक्षरे अलीकडे असलेल्या एका छोट्या मालिकेवर बसते असे दिसले, आणि काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या प्रौढपणीही हिमोग्लोबिन-एफ जास्त राहते त्याचे कोडे एकदम सुटले. त्या कुटुंबांत याच जागेची अक्षरे बदललेली होती, ही माहिती १९८०च्या दशकापासून उपलब्ध होती. पण ती अक्षरे बदलल्याने दमनकारी प्रथिनाला बसायला जागा उरत नाही, हे आता स्पष्ट झाले. साधारण २०० अक्षरे अलीकडच्या दुसऱ्या एका गटाबाबतही असेच आहे. तेथे झेडबीटीबी-७ए नावाचे वेगळे दमनकारी प्रथिन बसते.

येथपर्यंत आरएनएची प्रत निघण्याबद्दल बोललो. शिकवताना बहुतेक वेळा नियमनाची गोष्ट येथेच संपवली जाते, आणि ते मला अपुरे वाटते. भारतात बीटा-थॅलसेमियाचा जो सर्वांत जास्त आढळणारा बदल आहे, तो पहिल्या इंट्रॉनच्या (जनुकातल्या, पण प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागाच्या) पाचव्या अक्षरावरचा, जीऐवजी सी असा आहे. त्याने प्रथिनाचा एकही संकेत बदलत नाही. आरएनएमधून इंट्रॉन कापून काढताना पेशीला योग्य जागा ओळखता येत नाही, बहुतेक प्रती चुकीच्या जागी जोडल्या जातात आणि बीटा साखळी फारच थोडी बनते. दुसरे उदाहरण बीसीएल-११एचेच आहे. गर्भाच्या रक्तपेशींत या जनुकाची आरएनए प्रत हजर असते, तरी प्रथिन फार कमी असते. लिन-२८बी हे प्रथिन त्या प्रतीवर बसून तिचे भाषांतर, म्हणजे तिच्यावरून प्रथिन बनणे, रोखते, असे २०२० साली दाखवले गेले. केवळ आरएनए मोजणाऱ्याला येथे चुकीचे उत्तर मिळाले असते. तिसरे उदाहरण एएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या, वाहकांचे. त्यांच्यात दोन्ही बीटा जनुके सारखीच काम करतात, तरी सिकल हिमोग्लोबिन निम्मे न भरता साधारण ३५ ते ४० टक्केच भरते, कारण अल्फा साखळी सामान्य बीटाशी अधिक सहजपणे जुळते. सोबत अल्फा-थॅलसेमिया असेल, आणि आपल्याकडच्या अनेक आदिवासी समाजांत तो बऱ्याच प्रमाणात आहे, तर हे प्रमाण आणखी खाली जाते. म्हणून वाहकाच्या अहवालात सिकल हिमोग्लोबिन २८-३० टक्के दिसले तर लगेच तपासणी चुकली असे समजू नये.

अभ्यासाच्या पद्धतींबद्दल विचारले आहे, त्यातले एक काम जवळून सांगतो. समजा एखाद्या औषधाने गॅमा जनुकाचे काम वाढते का हे पाहायचे आहे. रक्तदात्याच्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून सीडी-३४ ही खूण असलेल्या पूर्वज पेशी वेगळ्या करून त्यांना सुमारे तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने तांबड्या पेशींच्या मार्गावर वाढवतात, आणि ठराविक दिवशी त्यांतून आरएनए काढतात. आरएनए नाजूक असतो. हाताच्या घामातली विकरेसुद्धा त्याचे तुकडे करतात, म्हणून हातमोजे, स्वतंत्र पिपेट आणि बर्फ यांत तडजोड चालत नाही. मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वापरून त्याची डीएनए प्रत करतात आणि क्यूपीसीआरने, म्हणजे चक्राचक्राने प्रती वाढवत त्या मोजण्याच्या पद्धतीने, मोजतात. येथे तीन पथ्ये पाळावीच लागतात. प्राइमर (प्रती काढणे सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोन एक्सॉनांच्या, म्हणजे इंट्रॉन काढल्यावर उरणाऱ्या भागांच्या, सांध्यावर बसणारे निवडावेत, म्हणजे चुकून राहिलेला मूळ डीएनए मोजला जात नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवावी. तीत सिग्नल आला तर तो आरएनएचा नाही हे उघड आहे. आणि उत्तर नुसत्या गॅमाच्या आकड्यात न देता गॅमा व बीटा यांच्या बेरजेतला गॅमाचा वाटा म्हणून द्यावे, कारण औषधाने पेशींची वाढच पुढे-मागे झाली असेल तर एकट्या गॅमाचा आकडा फसवतो. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात असे धरले तर तीन चक्रांचा फरक म्हणजे आठपट आणि दहा चक्रांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट; एका चक्राच्या फरकावर मोठे निष्कर्ष काढणारे निबंध वाचताना म्हणूनच सावध राहावे.

याउपर प्रथिन मोजलेच पाहिजे, आणि तेही दोन प्रकारांनी. एचपीएलसी संपूर्ण रक्तातले सरासरी प्रमाण देते, पण रुग्णाला फायदा होतो तो प्रत्येक पेशीत किती एफ आहे त्यावर. एका पेशीत साधारण ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असते. सरासरी २० टक्के एफ असलेल्या दोन रुग्णांपैकी एकात ते सगळ्या पेशींत सारखे पसरलेले असेल आणि दुसऱ्यात निवडक पेशींत एकवटले असेल, तर दुसऱ्याच्या उरलेल्या पेशी जवळजवळ निराधारच राहतात आणि आकार बदलतात. तंतू बनणे परिणामकारकपणे रोखायला पेशीमागे सुमारे १० पिकोग्रॅम एफ लागते असा एक अंदाज आहे. ही वाटणी पाहण्यासाठी एफ-पेशींची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी तपासून केलेली मोजणी, करतात. माझ्या अनुभवात एफचा टक्का चांगला असूनही ज्याला वारंवार वेदनेचे झटके येतात, अशा रुग्णाबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना ही तपासणी फार उपयोगी पडते.

डीएनएचा कोणता भाग मोकळा आहे हे एटॅक-सीक सांगते, कोणते प्रथिन कुठे बसले आहे हे चिप-सीक किंवा कट-अँड-रन सांगते, आणि कोणता भाग कोणाला भिडतो हे गुणसूत्राची घडी टिपणाऱ्या पद्धती सांगतात. या सर्वांचे निकाल सुंदर दिसतात, पण ते नकाशे आहेत. एखादा भाग खरोखर आवश्यक आहे का, हे तो बदलून पाहिल्यावरच कळते. संपूर्ण रक्ताच्या आरएनए-सीकबद्दल (सर्व जनुकांच्या आरएनएच्या एकत्रित वाचनाबद्दल) एक व्यावहारिक सूचना अशी की, तांबड्या पेशींतून आलेला ग्लोबिनचा आरएनए इतका भरमसाट असतो की तो आधी काढून टाकला नाही तर बाकीच्या जनुकांचे वाचन त्याच्याखाली दबून जाते. उंदरांच्या बाबतीतही जपावे लागते. उंदराला गर्भावस्थेचे वेगळे ग्लोबिन नाही, आणि मानवी जनुकांचा हा पूर्ण टापू उंदरात घातला तर गॅमा माणसापेक्षा फार लवकर बंद होते. जनुके तीच असली तरी त्यांना चालवणारी पेशी उंदराची असते.

आपल्याकडच्या रुग्णांविषयीही प्रश्न नेहमी येतो. भारतात आणि पूर्व अरबस्तानात सिकलसेलचे जनुक ज्या आनुवंशिक पार्श्वभूमीवर आढळते, तिला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. तीत एका गॅमा जनुकाच्या १५८ अक्षरे अलीकडे सीऐवजी टी असतो, आणि या रुग्णांत हिमोग्लोबिन-एफ आफ्रिकेतील बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त राहते. या एका अक्षराने सगळा फरक समजावता येत नाही, आजूबाजूचे आणि इतर गुणसूत्रांवरचे घटकही त्यात आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यावरून आपल्याकडचा आजार सौम्यच असतो असा जो समज पसरला आहे, तो धोकादायक आहे. नागपूर परिसरातील मुलांच्या अभ्यासांत एफ चांगले असूनही तीव्र आजार असलेले रुग्ण पुष्कळ आढळले आहेत. एफ जास्त आहे म्हणून औषध लांबणीवर टाकू नये.

उपचारांकडे पाहिले तर तेही याच नियमनाभोवती फिरतात. १९८२ मध्ये मेथिल गट कमी करणारे ५-अ‍ॅझासायटिडिन देऊन बबून माकडांत आणि मग रुग्णांत हिमोग्लोबिन-एफ वाढवून दाखवले गेले. पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध अधिक सुरक्षित ठरले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके कमी झाले, आणि आज सरकारी रुग्णालयांतही ते दिले जाते. त्याचा फायदा एफ वाढण्याने होतोच, शिवाय पांढऱ्या पेशी कमी होण्यासारख्या इतर परिणामांनीही होतो.

नव्या उपचारात बीटा जनुकातले चुकलेले अक्षर दुरुस्त केले जाते असे अनेकांना वाटते, ते कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचाराच्या बाबतीत खरे नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिलेल्या या उपचारात क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी छेदणाऱ्या साधनाने, बीसीएल-११ए जनुकाच्या आतील एका एन्हान्सरला (जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनएच्या भागाला) छेद दिला जातो. संपूर्ण जनुक का बिघडवत नाहीत, याचे उत्तर नियमनाच्या गाभ्याशी नेते. बीसीएल-११ए मेंदूच्या विकासाला, बी-पेशींना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) आणि रक्ताच्या मूळ पेशींनाही लागते. त्याची एक प्रत जन्मतः निकामी असलेल्या मुलांत बौद्धिक विकासात अडथळे येतात. पण २०१३ साली त्याच्या इंट्रॉनमध्ये असा एन्हान्सर सापडला की जो प्रामुख्याने तांबड्या पेशींच्या मार्गावरच हे जनुक वर आणतो. २०१५ मध्ये त्यातले अक्षरन्‌अक्षर क्रिस्परने छेदून पाहिले गेले, आणि गाटा-१ जेथे बसते तो छोटासा तुकडा निर्णायक ठरला. तेथे छेद दिला की तांबड्या पेशींत बीसीएल-११ए घटते, गॅमावरचे दमन सैल होते, आणि इतर पेशींत त्याचे काम चालू राहते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मात्र त्याआधी बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, आणि अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णासाठी आज तरी नवजात तपासणी, पेनिसिलिन, लसीकरण आणि हायड्रॉक्सियुरिया हेच हाताशी असलेले उपाय आहेत.

यातच शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. या उपचारानंतर रुग्णाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत, संपादित रक्तपेशींतसुद्धा, सिकलसेलचे बीटा जनुक जसेच्या तसे राहते. बदल झालेला असतो तो फक्त रक्ताच्या मूळ पेशींमधल्या दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एन्हान्सरमध्ये, आणि तो शुक्रपेशी किंवा अंडपेशींत नसतो. त्यामुळे एसएस पॅटर्नच्या, पण उपचाराने बरे वाटणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला सिकलसेलचे एक जनुक मिळणारच, आणि गॅमा चालू ठेवण्याची सोय मात्र मिळणार नाही. जोडीदार एए, म्हणजे सिकलसेलचे जनुक नसलेला, असेल तर सर्व मुले वाहक होतील. जोडीदार एएस असेल तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता निम्मी राहते. म्हणून अशा व्यक्तीनेही लग्नापूर्वी, निदान गर्भधारणेपूर्वी, जोडीदाराची एचपीएलसी करून घ्यावी. या तपासणीत बीटा-थॅलसेमियाचे वाहकही ओळखता येतात, जे नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये निसटतात. सिकलसेल आणि बीटा-थॅलसेमिया एकत्र आले तरीही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो.